गम प्रिंट : उठाव आणि रंग

सोलापूर परिसरातील माळरानावर बाभूळ सर्वत्र आढळते आणि तिचा डिंक घराघरांत परिचित आहे. याच कुळातील झाडांच्या डिंकावर छायाचित्र मुद्रणाची एक जुनी पद्धत आधारलेली आहे. तिला गम डायक्रोमेट मुद्रण म्हणतात. डायक्रोमेटचा प्रकाशसंवेदी गुण स्कॉटलंडचे मुंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवला. जॉन पाउन्सी यांनी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये गम प्रिंट प्रदर्शित केले. शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे रोबेर दमाशी यांनी या पद्धतीला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली.

महाराष्ट्रालाही हे रसायनशास्त्र परके नव्हते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईचे ठसे तयार करीत आणि तीनरंगी छपाईच्या अभ्यासासाठी १९०९ मध्ये जर्मनीस गेले होते. त्या काळी ठशांसाठीही प्रकाशाने कडक होणारा डायक्रोमेटयुक्त थर वापरला जाई.

डिंकाचे द्रावण, जलरंग आणि डायक्रोमेट यांचे मिश्रण कागदावर पातळ पसरून वाळवतात. त्यावर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवले की प्रकाश लागलेला भाग कडक होतो. उरलेला भाग पाण्यात विरघळून जातो. मात्र एका थरात काळोखाची खोली आणि उजळ भागातील नाजूक छटा ही दोन्ही क्वचितच साधतात. जाड थर दिल्यास उजळ भागातील रंग कागदाला न चिकटता धुऊन जातो. म्हणूनच चित्र सपाट दिसते.

यावरील खरा उपाय म्हणजे अनेक पातळ थर. गडद भागांसाठी अधिक रंग आणि कमी प्रकाश. उजळ छटांसाठी अल्प रंग आणि दीर्घ प्रकाश. डायक्रोमेटचे प्रमाण वाढवल्यास मुद्रण जलद होते, पण उठाव घटतो. ते कमी केल्यास वेळ लागतो, पण उठाव वाढतो. रंग अति झाला तर तो कागदात मुरून पांढरा भाग मळकट करतो. त्यासाठी कागद आधी गरम पाण्यात भिजवून आकसू द्यावा आणि त्यावर जिलेटिनचा कडक केलेला लेप द्यावा. अन्यथा पुढील थरांच्या वेळी निगेटिव्ह जागेवर बसत नाही.

रंगीत चित्रासाठी पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन रंगांच्या स्वतंत्र निगेटिव्ह लागतात. रंगद्रव्ये पारदर्शक निवडावीत. अपारदर्शक रंग खालचे थर झाकतात. डायक्रोमेटचा उरलेला पिवळसर डाग पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या सौम्य द्रावणाने निघतो.

हवामानाचा परिणामही मोठा असतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णता आणि दमटपणा यांमुळे लेप दिलेला कागद अंधारातही हळूहळू कडक होतो. म्हणून तो त्याच दिवशी वापरावा. अतिकोरड्या हवेत त्याची संवेदनशीलता घटते. त्यामुळे मे महिन्यातील वेळा पावसाळ्यात लागू पडत नाहीत. प्रत्येक ऋतूत चाचणी पट्टी काढून नोंद ठेवणे हिताचे.

षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. भुकटी श्वासात जाऊ देऊ नये आणि हातमोजे वापरावेत. ही रसायने स्वयंपाकघरापासून व मुलांपासून दूर ठेवावीत. उरलेले द्रावण गटारात, मातीत किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. ते घातक कचरा म्हणून वेगळे साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावे.