पोकळ दांड्याची मोटार

पावसाळ्यात चिखलात रुतलेली मालमोटार ज्याने पाहिली असेल, त्याला डिफरन्शियलचा दुर्गुण निराळा सांगावयास नको. मागील एक चाक जागच्या जागी गरगरत चिखल उडवीत असते. आणि ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे, ते दुसरे चाक मात्र स्वस्थ उभे असते. एंजिनाची शक्ती कमी पडलेली नसते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. निसटत्या चाकाला जेवढा पेलवतो, तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. खडी, बर्फ आणि घाटवळणे यांवरून धावणाऱ्या रॅलीच्या मोटारी बांधणाऱ्यांचे बरेचसे आयुष्य या एका दुर्गुणाला लगाम घालण्यात गेले आहे.

वास्तविक ही योजना मोठ्या सोयीची. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. ती मुभा मिळाली नाही, तर चाके फरफटतात. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने 1828 साली आपल्या वाफेच्या गाडीकरिता अशा दंतचक्रांचे पेटंट घेतले, तेव्हा पेट्रोलची मोटार जन्मावयाची होती. पुढे शंभर वर्षांनी फर्डिनांड पोर्शे यांनी जर्मनीतील ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरांची शर्यतीची मोटार रचली. तिची ताकद एवढी, की भर वेगातही मागचे एखादे चाक निसटे. तेव्हा झेडएफ या दंतचक्रांच्या कारखान्याने 1935 साली तिच्यासाठी मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल तयार केला. चाकांच्या वेगांतील फरक चालू द्यावयाचा, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच.

ही मर्यादा ठरविणे हे आजही रॅलीच्या कारखान्यातील सर्वांत नाजूक काम होय. गाडीचा सांगाडा सोलून त्याचे सांधे पुन्हा झाळणे, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविणे, एंजिनाखाली जाड ढाल लावणे, ही कामे डोळ्यांत भरतात. डिफरन्शियलचे काम कोणी पाहत नाही. पिनियनच्या मागे कागदासारखे पातळ शिम घालून अथवा काढून त्याची बैठक साधावयाची. क्राऊनच्या दातांना रंग फासून फिरवावयाचे आणि उमटलेला ठसा न्याहाळावयाचा. ठसा दाताच्या कडेला सरकलेला दिसला, की सारे पुन्हा उघडावे लागते. मग आतल्या घर्षण-तबकड्यांची पाळी. जोर वाढला म्हणजे उतरत्या खाचांतील आडव्या कांबी या तबकड्यांना परस्परांवर दाबतात. तबकड्या किती, खाचांचा कोन कोणता आणि जोर नसतानाचा मूळ दाब किती, यांवर गाडीचा स्वभाव ठरतो. फार आवळले तर गाडी वळणाला दाद न देता सरळ जाऊ पाहते; फार सैल ठेवले तर पुन्हा मालमोटारीचीच गत. याचे नेमके माप कोष्टकात सापडत नाही, ते चालकालाच विचारावे लागते.

ऑटो युनियनची चार कडी पुढे ऑडीच्या मोटारींवर आली. 1977 च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालल्या असता ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांना दिसले, की इल्टिस नावाची अवघ्या 75 अश्वशक्तीची लष्करी गाडी बलवान मोटारींना मागे टाकते. कारण तिची चारही चाके ओढतात. त्यांनी हा विचार तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्यापुढे मांडला. पिएख हे पोर्शे यांचे दौहित्र. आजोबांच्या गाडीपुढील कोडे नातवापुढे असे नव्या रूपात आले. 1978 च्या जानेवारीत नमुना-गाडी ऑस्ट्रियातील टुराखर घाटाची 23 टक्क्यांची बर्फाळ चढण साखळ्यांवाचून, उन्हाळी टायरांवर चढून गेली.

परंतु तिच्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियलच नव्हता. फोक्सवागनच्या संशोधन विभागाचे प्रमुख अर्न्स्ट फियाला यांच्या पत्नीने ती व्हिएन्नाच्या गल्ल्यांतून फिरविली आणि ‘गाडी उड्या मारते’ अशी तक्रार केली, असे सांगतात. तक्रार रास्तच होती. आखूड वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि येथे त्या फरकाला वाटच ठेवलेली नव्हती. तिसरा डिफरन्शियल हवा. पण त्यासाठी जड निराळी पेटी नको. फ्रान्त्स टेंगलर यांनी गिअरपेटीतील 263 मिलिमीटर लांबीचा दांडा पोकळ केला. शक्ती त्या पोकळ दांड्याने मागे मधल्या डिफरन्शियलकडे जाते. तेथून एक वाटा मागच्या चाकांना मिळतो आणि दुसरा त्याच दांड्याच्या पोटातून, आतल्या दांड्याने, पुढे परततो. मधला आणि मागचा डिफरन्शियल बांधून टाकण्याची कळ चालकाच्या हाताशी दिली. 1980 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही मोटार ‘क्वात्रो’ या नावाने आली.

1981 च्या माँटे कार्लो रॅलीत हानू मिक्कोला यांनी प्रारंभीच मोठी आघाडी घेतली आणि अपघाताने गमावली. पुढच्याच महिन्यात स्वीडनमध्ये ते जिंकले. ऑक्टोबरात सान रेमोला मिशेल मुताँ यांनी फाब्रित्सिया पोन्स यांच्या साथीने बाजी मारली. जागतिक स्पर्धेतील रॅली स्त्रीने जिंकण्याचा तो पहिला प्रसंग. 1982 साली त्यांनी पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील येथे विजय मिळविले. आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याच्या सुमारास वडील वारल्याची बातमी आली. त्या तरीही धावल्या, पण अपघाताने बाद झाल्या. विजेतेपद वाल्टर र्‍योर्ल यांना गेले, तेही केवळ मागची दोन चाके ओढणाऱ्या ओपेलमध्ये.

क्वात्रोचे एंजिन पुढच्या आसाच्याही पुढे होते. नाक जड, त्यात मधला डिफरन्शियल बांधला, की ती वळावयास राजी नसे. मिक्कोला आणि स्टिग ब्लोम्क्विस्ट उजव्या पायाने वेग देता देता डाव्याने ब्रेक लावून तिला वळणात घालीत. 1984 साली आलेल्या प्यूजो 205 टर्बो 16 मध्ये एंजिन आसनांमागे होते आणि मधल्या डिफरन्शियलला दाट द्रवाने चालणारा आपोआप लगाम होता. 1985 व 1986 ची विजेतेपदे तिने नेली. 1986 साली पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली; मे महिन्यात कोर्सिकात हेन्री टोइवोनेन आणि सेर्जो क्रेस्तो लान्चियासह दरीकडे कोसळून जळाले. 1987 पासून अशा गाड्यांना जागतिक स्पर्धा बंद झाली. रस्त्यावरच्या क्वात्रोमध्ये त्याच सुमारास वर्मचक्रांचा टॉर्सन डिफरन्शियल आला, आणि मधला डिफरन्शियल बांधण्याची कळ चालकाच्या हाताजवळून नाहीशी झाली.