ठाणे-डोंबिवलीत खरेदी करून युरोपला परतताय? बॅगेत काय चालतं, काय नाही?

सुट्टीत घरी आलेल्या परदेशस्थ मराठी कुटुंबांची परतीची खरेदी अनेकदा स्टेशनजवळच उरकते. ठाण्यात कपड्यांसाठी गोखले रोड आणि राम मारुती रोड, मसाले-किराण्यासाठी जांभळी नाका. डोंबिवली पूर्वेला फडके रोड. पण बॅग भरण्याआधी युरोपीय संघाचे नियम माहीत हवेत.

काय नेता येत नाही?
दुधाचे आणि मांसाचे पदार्थ. म्हणजे साजूक तूप, पनीर, खव्याचे पेढे इथेच संपवा.

हापूस नेता येतो का?
१४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्त्यासारखा पाला नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. आंबा त्यात नाही.

मग काय न्यावं?
गोडा मसाला, भाजणी, पापड, दूध नसलेला आमरसाचा डबा. लोणचं आणि आमरस चेक-इन बॅगेतच ठेवा.

पकडलं गेलं तर?
माल जप्त होतो, दंडही होऊ शकतो. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, पण भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथेही बंदीच आहे.