डिस्क बेंड झालीय, साहेब

बोरघाटात चढण्यापेक्षा उतरणं नेहमीच जास्त अवघड होतं. १८३०मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३मध्ये रेल्वे आली. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांचा फरक, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ. चढताना जादा इंजिन लावता येतं. उतरताना मात्र सगळी भिस्त ब्रेकवर. घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढे निघायची. १८६९मध्ये ब्रेक निकामी झालेली एक गाडी तिथे थांबलीच नाही. १९२९मध्ये मार्ग बदलून ते स्टेशन काढलं. उतार मात्र तोच राहिला, आणि आज लाँग वीकेंडला अर्धं पुणे तो कारनं उतरतं.

एक छोटा हिशेब करू. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वापरली पाहिजेत.) ११०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, की तिच्यातली सुमारे ५४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात मोठी बादलीभर, म्हणजे १८ लिटर पाणी उकळेल. १०० किलोमीटरच्या वेगातून गाडी एकदा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळपास तेरापट. खालच्या गिअरमध्ये असाल तर यातली बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये ‘पेट्रोल वाचवत’ असाल, तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते.

आपल्या आजोबांच्या पिढीच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे बंद डबा. उष्णता आत कोंडते, ब्रेक ढिले पडतात. डिस्कची कल्पना त्याहून खूप जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्याच्या तांब्याच्या पॅडचा किंचाळणारा आवाज असह्य होता. डिस्कचं खरं नाव झालं १९५३मध्ये, ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली तेव्हा. आपल्याकडे मारुती ८००मुळे पुढच्या चाकांची डिस्क मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आली. उघडी डिस्क लवकर थंड होते. पण तिच्याबरोबर एक नवं दुखणंही आलं: ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

माझ्या सेकंडहँड हॅचबॅकला हेच झालं होतं. ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचायचं. बाकी वेळ गाडी शांत. मागच्या सीटवरून आई विचारायची, ‘टायर निघतोय का रे?’ एका गॅरेजनं गाडी न खोलताच लोअर आर्म, रॅक एंड आणि दोन्ही डिस्क बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. कारण एकच: ‘डिस्क बेंड झालीय, साहेब.’

हे वाक्य जगभरातल्या गॅरेजांत बोललं जातं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. फोर्डच्या ल मान्स मोहिमेत काम केलेल्या कॅरोल स्मिथ या रेसिंग इंजिनिअरनं यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की तपासलेल्या ‘वाकलेल्या’ डिस्क वाकलेल्या नव्हत्याच. त्यांच्यावर पॅडचा थर कमीजास्त बसला होता. घाट उतरून तापलेल्या ब्रेकनं खालापूरच्या टोलच्या रांगेत पेडल गच्च दाबून उभं राहिलं, तर पॅडचा छाप डिस्कवर उमटू शकतो. पुढे तो भाग इतरांपेक्षा जास्त तापतो. साधारण ६५० अंशांच्या वर तिथल्या बिडात सिमेंटाइट हा फार कडक पदार्थ तयार होतो, आणि मग दुखणं मुरतं.

दुसरं कारण आणखी साधं आहे. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा अडकला, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग प्रत्येक फेरीत, ब्रेक न दाबताही, तिची ठरावीक जागा पॅडला घासते आणि पातळ होते. जाडीत दीड-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. तितक्या वेळा ब्रेकची पकड कमीजास्त होते आणि तो धक्का टाय रॉडमधून स्टिअरिंगपर्यंत येतो.

नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी काहीही बदलण्याआधी विचारलं, ‘ब्रेक न दाबता थरथरतं का?’ तसं असतं तर आधी व्हील बॅलन्सिंग बघायचं. ‘पेडल हलतं की स्टिअरिंग?’ स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढचे ब्रेक. फक्त पेडल आणि सीट हललं तर संशय मागच्यांवर. मग त्यांनी चाक काढून डायल गेज लावला. डिस्क एका फेरीत ०.१२ मिलिमीटर डोलत होती. डिस्क उतरवून हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला, पुन्हा लावली: ०.०४. आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावला, तर जाडीत ०.०२चा फरक. कॅलिपरच्या पिना सुकल्या होत्या, त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बरीच जाड होती, म्हणून लेथवर हलका हात मारून घेतला. गंज तसाच ठेवून नुसतं लेथवर नेलं असतं, तर काही हजार किलोमीटरांनी तेच दुखणं परत आलं असतं. नवीन डिस्क टाकली असती तरीही.

मग नवे पॅड आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करणं. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा थर सगळीकडे सारखा बसायला हवा. सगळा खर्च त्या एस्टिमेटच्या पाचव्या हिश्शात बसला. पुढच्याच रविवारी आईला घेऊन घाट उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. ती खोपोलीपर्यंत झोपली होती.

गाडी परत देताना मिस्त्रींनी चाकाचे नट टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे धरून आवळले होते. ते म्हणाले, ‘पंक्चरवाल्याला गन मारू देऊ नका, साहेब. एक नट जास्त, एक कमी आवळला, की डिस्क परत तिरकी.’