सरदारगृह

कामासाठी मुंबईला गेलो की मी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास एखादं स्वस्तातलं लॉज बघतो. खोली जेमतेम, खिडकीखाली हातगाड्या आणि हॉर्न. दोन रात्रींचा तर प्रश्न, असं म्हणून चालवून घेतो.

याच भागात सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. तेही त्या काळचं लॉजच! पुण्यात स्वतःचा गायकवाड वाडा, पण मुंबईत मुक्काम भाड्याच्या खोलीत. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ६४ व्या वर्षी ते तिथेच गेले. अंत्ययात्राही तिथूनच निघाली, भर पावसात, गिरगाव चौपाटीकडे. वाड्यावर परतणं झालंच नाही.

त्याआधी १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. ती घरी गेली, तो नव्हता. तो गेला, घर नव्हतं...

चळवळीचा इतिहास आपण सभा आणि खटल्यांनी मोजतो. घराबाहेर काढलेल्या रात्री मात्र कुणी मोजत नाही. त्यांची किंमत दोघांनीही चुकवली होती.