प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीला तडा गेल्यास काय करावे?

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. अशा वेळी छतावरची टाकी फुटली, तर साठवलेले पाणी रात्रीतून वाहून जाते.

तडा का जातो?
या टाक्या पॉलिइथिलीनच्या असतात. वर्षानुवर्षे ऊन खाऊन हे प्लास्टिक ठिसूळ होते. १००० लिटर पाण्याचे वजन १००० किलो भरते. खालचा ओटा उंचसखल असेल, तर हा भार एकाच जागी येतो. पाइपच्या जोडावर ताण पडल्यानेही तडा जातो.

दुरुस्ती कशी करतात?
पॉलिइथिलीनला गोंद किंवा इपॉक्सी सील घट्ट धरत नाही. काही दिवसांत ते सुटते. टिकाऊ उपाय म्हणजे प्लास्टिक वेल्डिंग.

१. टाकी रिकामी करून स्वच्छ धुवा, पूर्ण कोरडी करा.
२. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही.
३. तडा खरवडून खाच करा. हॉट एअर गनने खाच आणि पॉलिइथिलीनचीच कांडी, दोन्ही मऊ करून छिद्रांसह खाच भरा. थेट ज्योत लावू नका.
४. थंड झाल्यावर टाकी टप्प्याटप्प्याने भरून गळती तपासा.

काम मोकळ्या हवेत करा. धूर कोंडतो म्हणून टाकीत उतरू नका.

टाकी कधी बदलावी?
तळाला लांब तडा असेल किंवा अंगभर बारीक भेगा दिसत असतील, तर दुरुस्ती टिकत नाही. नवी टाकी बसवण्याआधी ओटा सपाट करून घ्या, नाहीतर तीही फुटेल.