गिरिस्थान आणि ओझे

डोंगरावर पाहुणा येतो तो हवेसाठी. डोंगरच्या माणसाच्या वाट्यास येते ते पाहुण्याचे ओझे. शेर्पा हे वस्तुतः पूर्व नेपाळातील एका जमातीचे नाव. परंतु गिर्यारोहकांच्या शतकभराच्या वर्दळीने ते जगाच्या तोंडी भारवाहकाचे नाव होऊन बसले. १९५३ मध्ये तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. १९६१ मध्ये हिलरींच्या साहाय्याने खुमजुंग येथे शाळा निघाली. आणि २०१४ मध्ये खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. मान, विद्या आणि मृत्यू ही तिन्ही एकाच वाटेने आली.

हीच कथा लहान प्रमाणावर आपल्या माथेरानातही घडलेली आहे. बोरसीच्या सपाटीवर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस माथेरान ठाऊक असते ते झुकझुक गाडीमुळे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले. ठाकूर, कातकरी व धनगर यांच्या ओळखीच्या या रानात बंगले उठले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून २१ किलोमीटरचा लोहमार्ग वर नेला. तरीही स्थानकापुढचे ओझे माणसाच्याच खांद्यावर राहिले. शार्लोट तलाव, लुइझा पॉइंट ही नावे टिकली; हमालांची नावे नकाशाने टिपली नाहीत.

माथेरानात मोटारीस बंदी आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. त्यामुळे झाडी वाचली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या शांततेची आपण वाखाणणी करतो, तिची किंमत तांबड्या मातीच्या चढावर हातरिक्षा ओढणाऱ्यांची छाती मोजीत होती. त्यांनीच विजेच्या रिक्षेची मागणी लावून धरली. पोट घोड्यावर असलेल्यांनी तिला विरोध केला. दोघांचेही भय खरे होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

पर्यटनाने डोंगरास रोजगार दिला, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्या रोजगारात माणसाने जनावराची जागा घ्यावी काय, हा प्रश्न पाहुण्यांनी कधी विचारला नाही. तो ओझे वाहणाऱ्यांनाच न्यायासनापुढे न्यावा लागला. पुढल्या सुटीत वर जाणाऱ्यांनी निदान एवढे तरी स्मरणात ठेवावे.