पेणच्या गणपतीचा साज आणि सफर

मे 2014मध्ये झी मराठीवर ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि पुढचे दोन हंगाम पेणच्या गणपती कारखान्यांत पिवळा रंग कमी पडू लागला. खंडोबाची पगडी, भंडाऱ्याची झाक आणि हातात खड्ग असलेला गणपती गिऱ्हाइकाला हवा होता. 2015च्या जुलैत ‘बाहुबली’ आला आणि त्याच वर्षी खांद्यावर शिवलिंग घेतलेली गणेशमूर्ती बाजारात उभी राहिली. डिसेंबर 2015च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर पुढच्या भाद्रपदात गणपतीच्या अंगावर चिलखत चढले. पडद्यावर काय चालले आहे ते ओळखायचे, त्याचा नमुना घडवायचा, साचा काढायचा, सुकवायचे, रंगवायचे आणि चतुर्थीच्या आत मुंबईच्या गाड्यांत चढवायचे, हे सगळे काही महिन्यांत उरकणारे गाव रायगड जिल्ह्यात आहे. कपड्यांच्या दुनियेत जिला फॅशन म्हणतात ती मूर्तींच्या दुनियेत बऱ्याच अंशी पेण आणि आसपासच्या गावांत ठरते.

हे पेणमध्येच का घडले, याचे उत्तर मूर्तिकलेइतकेच व्यापारातही आहे. कोकणातल्या बहुतेक गावांत गणपतीची शाळा असते. तिथे घरातला पाट आधी नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी आणायची. मूर्तिकार घराला ओळखतो आणि घर मूर्तिकाराला. आजोबांच्या वेळी गणपती डाव्या मांडीवर हात ठेवून बसला असेल, तर नातवाच्या वेळीही तो तसाच बसतो. या रीतीत नव्या साजाला फारशी जागा नसते, आणि असू नये असेच घरच्यांना वाटते. पेणच्या कारागिराचे गिऱ्हाईक मात्र अनोळखी. ते गिरगावात राहते की ठाण्यात, त्याच्या घरी दीड दिवसांचा गणपती असतो की दहा दिवसांचा, हे घडवणाऱ्याला ठाऊक नसते. अनोळखी माणसासाठी वस्तू घडवायची म्हणजे त्याच्या आवडीचा अंदाज बांधावा लागतो. पेणने ही अंदाज बांधण्याची कला शंभर वर्षांहून अधिक काळ जोपासली आहे.

गावाला मुंबईशी देवघेव करण्याची सवय जुनीच. भोगावतीच्या काठचे पेण धरमतर खाडीच्या पाण्याने मुंबईच्या बंदराशी जोडलेले होते. अंतोऱ्याच्या बंदरातून माल निघे, भोवतालच्या मिठागरांतले मीठ आणि खाचरांतला भात बाहेर जाई. पेणचे पोहे आणि पापड आजही मुंबईच्या वाण्याकडे गावाचे नाव सांगून विकले जातात. म्हणजे घरात बनलेली वस्तू नीट बांधून, फुटू-तुटू न देता शहरात पोचवणे आणि तिच्यावर गावाचे नाव टिकवणे हे इथे आधीपासून चालत होते. 1893मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि मुंबई-पुण्यात मूर्तींची मागणी वाढत गेली. पेणच्या मूर्तिकारांना हे गिऱ्हाईक हाताशीच होते. या धंद्याच्या आरंभीच्या पिढ्यांत देवधर घराण्याचे नाव पेणमध्ये आदराने घेतले जाते.

त्याच काळात देवांचे चेहरेही बदलत होते. राजा रविवर्म्याने 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती आणि गणपतीला घराघरांतल्या भिंतींवर नेले. त्या देवांच्या अंगावर भरजरी काठ होते, दागिन्यांना चकाकी होती, मागे महिरपी आणि पडदे होते. चित्रातला देव असा नटलेला पाहिल्यावर मातीच्या मूर्तीकडून लोकांची अपेक्षा वाढली नसती तरच नवल. शेंदरी किंवा लाल रंगाच्या साध्या गणपतीला पितांबराच्या चुण्या आल्या, शेल्याला काठ आला, मुकुटाला नक्षी आली. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात मुंबईच्या मंडळांनी नेत्यांच्या रूपातलेही गणपती बसवले. देवाला आपल्या काळाचा पोशाख घालण्याची हौस मालिकांच्या आधीची आहे, हे त्यामुळे विसरून चालत नाही.

पेणच्या धंद्याचा आकार पालटला तो साच्यामुळे. एकेक मूर्ती हाताने घडवणारा मूर्तिकार हंगामात मोजक्याच मूर्ती पुऱ्या करू शकतो. साचा आला की एका चांगल्या नमुन्यापासून शेकडो मूर्ती निघतात. आधी प्लास्टरचे साचे होते, नंतर रबरी साचे आले. रबर वाकते, त्यामुळे बोटांमधली फट, सोंडेचे वळण आणि दागिन्यांची बारीक नक्षी न मोडता बाहेर काढता येते. मातीही बदलली. शाडू गुजरातेतून यायचा आणि अजून येतो. तो जड असतो, सावकाश सुकतो आणि कोकणच्या दमट हवेत घाई केली तर तडकतो. प्लास्टर ऑफ पॅरिस अर्ध्या तासात घट्ट होते, हलके असते आणि गुळगुळीत अंग देते. मूर्तींचा धंदा बाराही महिने चालू शकला तो या प्लास्टरमुळे. तो पेण शहराच्या वेशीबाहेर पडून हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत पसरला. तिथल्या वाड्यांत आज घराच्या पडवीपासून मोठ्या पत्र्याच्या शेडपर्यंत जिथे बघावे तिथे गणपती रांगेत उभे असतात. त्यांतले बरेच कच्चेच, म्हणजे रंग न दिलेले, महाराष्ट्रभरच्या आणि बाहेरच्या कारखान्यांना जातात आणि त्या त्या गावचा रंगारी त्यांना आपल्या पसंतीने रंगवतो.

तरीही पेणचा गणपती ओळखू येतो तो डोळ्यांवरून. डोळे काढणे ही कारखान्यातली सर्वांत नाजूक कामगिरी, तिला ‘आखणी’ म्हणतात. अंगावरचा रंग आता कॉम्प्रेसरच्या फवाऱ्याने मारला जातो. गाल, पोट आणि पितांबराच्या चुण्या यांच्यावर गडद-फिकट छटा यंत्राने पटापट देता येतात. डोळ्यांसाठी मात्र बारीक कुंचला आणि न थरथरणारा हातच लागतो. वरच्या पापणीची रेघ, बुबुळ, त्यावरचा पांढरा ठिपका आणि भुवयांची कमान या एवढ्यावरच मूर्ती पाहणाऱ्याकडे बघते की त्याच्या पलीकडे बघते हे ठरते. एक डोळा केसभर वर गेला तरी सगळी मूर्ती बिघडते. म्हणून चांगल्या आखणीवाल्याला हंगामात अनेक कारखान्यांतून बोलावणे येते. एवढी विद्या हाती असलेल्या माणसाचे नाव मूर्तीवर कुठेही नसते. गणपती घरी नेणाऱ्याला कारखान्याचे नाव ठाऊक असते, डोळे कोणी काढले हे नसते. रंगवलेल्या मूर्तीबरोबर आखणाऱ्याचे नावही जावे, अशी मागणी या धंद्यात उठायला हवी.

साजातला अलीकडचा मोठा बदल म्हणजे रंगाच्या जागी आलेले खरे कापड. पूर्वी पितांबर म्हणजे पिवळा रंग आणि त्यावर सोनेरी रेघ. आता मूर्तीला काठाचे धोतर नेसवतात, डोक्यावर फेटा बांधतात, खांद्यावर उपरणे टाकतात. फेट्याचे शेव कुठून काढायचे, तुरा किती उभा ठेवायचा, धोतराच्या निऱ्या बसलेल्या मांडीवर कशा पसरायच्या, याचे वेगळे कसब तयार झाले आहे. त्यावर हिऱ्यांचे काम होते. मुकुट, सोंडपट्टा, कमरपट्टा आणि आयुधांवर काचेचे चकाकते खडे एकेक करून चिकटवले जातात. या कामात बायकांचा वाटा मोठा. घरचे आटोपून दुपारी कारखान्यात बसणाऱ्या, किंवा मूर्ती घरी आणून खडे लावणाऱ्या बायकांनी पेणच्या गणपतीचा आजचा चेहरा घडवला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मग फॅशन ठरवतो कोण? गिऱ्हाईक नमुना मागते, व्यापारी तो मोबाइलवरून पाठवतो, पण तो मूर्तीत उतरेल की नाही हे नमुना घडवणारा कारागीर ठरवतो. पडद्यावरच्या नटाची उभी राहण्याची ऐट गजमुखाला शोभेलच असे नाही. ‘पुष्पा’ डिसेंबर 2021मध्ये आला आणि पुढच्या गणेशोत्सवात हनुवटीखालून हात फिरवणारा गणपतीही दिसला. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. मालिका संपली की तिच्या साजातली मूर्ती मागणारेही उरत नाहीत. याउलट पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या घाटाची, 1934पासून बसणाऱ्या लालबागच्या राजासारखी सिंहासनावर बसलेली, टिटवाळ्याच्या धर्तीची किंवा लोडाला टेकलेली मूर्ती वर्षानुवर्षे मागितली जाते. पेणच्या साच्यांच्या फळ्यांवर या घाटांना कायमची जागा आहे. नव्या रूपाची हौस आणि ठरल्या घाटाची ओढ दोन्ही एकाच कारखान्यात नांदतात, आणि जो दोन्ही सांभाळतो त्याचा धंदा टिकतो.

मूर्तीच्या प्रवासाचा इतिहास रस्त्यांचा आणि रुळांचाही आहे. दिवा ते पनवेल रेल्वे 1964मध्ये आली, 1966मध्ये ती आपट्याला पोचली, आणि 1986मध्ये पेणवरून रोह्यापर्यंत गेली. पुढे कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच सुरू झाला आणि 1998मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या पेण आणि रोहा ओलांडूनच दक्षिणेकडे जातात. कुंडलिकेकाठच्या रोह्याने मात्र उत्सवाचा आपला वेगळा थाट जपला आहे. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस तिला शस्त्रांनिशी मानवंदना देतात. पेणचा देव दरसाल नव्या रूपात बाहेरगावी जातो, रोह्याचा देव दरसाल त्याच मानाने आपल्याच गावात फिरतो. एकाच जिल्ह्यातल्या या दोन चाली आहेत.

1989मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पेणच्या गणपतीला समुद्रापलीकडचे दार जवळ आले. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, मॉरिशस आणि ऑस्ट्रेलियातल्या मराठी कुटुंबांसाठी कंटेनर भरायचे तर चतुर्थीच्या कित्येक महिने आधी मूर्ती तयार लागतात. त्यामुळे परदेशी मागणीचे काम होळीच्या सुमारासच अंगावर येते. ऑस्ट्रेलियाचे नियम विशेष कडक आहेत. माती, बी-बियाणे, गवत आणि कच्चे लाकूड यांची तिथल्या बंदरांवर बारकाईने तपासणी होते. गावच्या मूर्तीखाली जो भाताचा पेंढा सहज पसरला जातो तो या प्रवासात चालत नाही. खोका लाकडाचा असेल तर ते लाकूड कीडमुक्त केल्याचा शिक्का लागतो. पेंढ्याच्या जागी फोम आणि कागद येतो, आणि सोंड, कान व बोटे या नाजूक जागा वेगळ्या गुंडाळल्या जातात. बांधणीचे हे शास्त्र पेणच्या कारागिरांनी काम करता करताच उभे केले आहे.

मेलबर्न आणि सिडनीत गणपती बसतो तो बहुधा तिथल्या हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या आरंभी. तिथल्या मंडळांत लेझीम असते, ढोल-ताशांची पथके असतात, पैठणी नेसलेल्या मुली असतात आणि मोदक वळायला शिकणारी दुसरी पिढी असते. विसर्जन अनेकदा घरच्या पिंपात होते, कारण पाणवठ्यावर जायचे तर स्थानिक नगरपालिकेची परवानगी लागते. लहान, हलकी आणि पाण्यात विरघळणारी मूर्ती तिथे सोयीची पडते. अशा दूरच्या घरांची गरज पुरी करताना पेणमधल्या काही कारागिरांना शाडूकडे आणि कागदाच्या लगद्याकडे पुन्हा वळावे लागले.

इकडे मायदेशातही साहित्याचा प्रश्न ऐरणीवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी नियमावली काढली. त्याच वर्षी करोनामुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणि घरगुती मूर्तीची दोन फुटांवर आणली. जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडला झोडपले. तयार असलेल्या उंच मूर्ती तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांत अडकलेला पैसाही. जून 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाणवठ्यांत त्या सोडण्यावर बंधन ठेवले. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात असे ठरले. खाडी आणि नद्या वाचल्याच पाहिजेत, त्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र हा बदल घडायचा तर शाडू परवडणाऱ्या दराने वेळेत मिळाला पाहिजे, तो सुकवायला जागा पाहिजे आणि साच्यावर वाढलेल्या तरुण कारागिरांना हाताने माती दाबण्याचे, भेगा बुजवण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. हंगाम तोंडावर असताना आलेला आदेश कारखानदार कसाबसा निभावतो. मजुरीवर खडे लावणारी बाई मात्र त्या आठवड्यापासून रिकामी बसते.

अनंत चतुर्दशी उलटली की कारखान्यांत उरलेल्या मूर्ती बाजूला होतात आणि पुढच्या सालचे नमुने घडवायला घेतात. दिवाळीच्या आगेमागे व्यापारी ते पाहायला येतात. कोणता घाट चालेल, फेटा कापडाचा की रंगवलेला, शाडूच्या किती, कागदाच्या किती, परदेशी खोक्यांसाठी कोणती उंची, याची बोलणी होतात आणि विसारापोटी पहिली रक्कम हातावर पडते.